मधला उजेड

माझ्या बायकोला तिच्या ऑफिसात सगळे ‘भोवरा’ म्हणतात. बसल्या जागेवरून ती हलत नाही, तरी हे नाव, कारण कृष्णविवरं किती वेगाने फिरतात ते ती शोधते. मी लिफ्ट दुरुस्त करतो. लग्नानंतर सुरुवातीला मला वाटायचं, या बाईचं डोकं फिरलंय. मग हळूहळू माझंही फिरलं.

तिचं एकच लाडकं कृष्णविवर. दूरच्या एका दीर्घिकेच्या मध्यावर, लाखो सूर्यांचं वजन पोटात घेऊन बसलेलं. त्याच्याभोवती तापलेला वायू गरगरतो आणि तिथून क्ष-किरण निघतात. त्या किरणांत लोखंडाची एक खूण असते. विवर जितकं जोरात फिरेल, तितका वायू त्याच्या जवळ जाऊन तग धरतो आणि तितकी ती खूण ताणली जाते. ताण मोजला की वेग कळतो. भाजी चिरता चिरता तिने हे इतक्यांदा सांगितलंय, की मी झोपेतही सांगेन.

पण तिचं विवर मिणमिणतं. पुरेसे किरण कधी मिळालेच नाहीत. तेवढ्यात आकाशातली दुर्बीण म्हातारी झाली, बॅटरी मान टाकायला लागली आणि दुर्बीण बंद करायचं ठरलं. शेवटच्या निरीक्षणांत भोवऱ्याचा नंबर लागला. पुढची दुर्बीण वर जाईपर्यंत बायको निवृत्त झालेली असणार.

नेमकं तेव्हाच विवर भडकलं. कुठूनतरी ढीगभर वायू त्याच्या तोंडात पडला असावा. त्या दिवशी बाईसाहेब घरात आल्या त्या नाचतच.

तिथेच घात झाला. वस्तू तेजस्वी असली की दुर्बिणीतल्या किरण टिपणाऱ्या चकतीचा छोटा तुकडाच वापरतात, म्हणजे तो भराभर वाचता येतो. मंद असली तर अख्खी चकती. हिच्या सूचना मंद विवरासाठी लिहिलेल्या होत्या, आणि आनंदाच्या भरात त्या बदलायच्या राहिल्या. अख्खी चकती वाचायला वेळ लागतो; तेवढ्यात तिच्यावरच्या एकाच बारीक खणात दोन किरण पडले, की यंत्र त्यांना एकच धरतं, जास्त ताकदीचा. मधोमध, जिथे उजेड सगळ्यात जास्त, तिथे सगळा गोंधळ. हे तिच्या लक्षात आलं तेव्हा दुर्बीण बंद झाली होती.

उपाय एकच. चित्राचा मधला भाग कापून टाकायचा आणि कडेला सांडलेला उजेड तेवढा ठेवायचा. तिने कापला. उरलेल्यात खूण दिसेना. कमी कापून पाहिलं, जास्त कापून पाहिलं, पुन्हा पहिल्यापासून. तिचं जेवण सुटलं, माझ्याशी बोलणं सुटलं. अडकलेली लिफ्ट मी हाताने खाली आणतो, इथे हात कुठे घालणार? इतका हतबल मी कधीच झालो नव्हतो.

एकदा तिचे साहेब घरी आले. माणूस वाईट नाही. त्यांनी न कापलेल्या चित्राचा आलेख टेबलावर ठेवला. रुंद, देखणी खूण.

“वेग जवळजवळ कमाल निघतोय,” ते म्हणाले. “आता तपासणार कोण? दुर्बीणच नाही. आणि कदाचित खरंही असेल.”

तिने कागद हळूच त्यांच्याकडे सरकवला. साहेब चहा अर्धा टाकून गेले, आणि माझा तोल सुटला.

“छापून टाक ना,” मी ओरडलो. “सगळं आयुष्य घातलंस त्यात. कुणाचं काय जातंय?”

“खरं काय ते मला माहीत असतं ना, तर एक वेळ खोटं बोलले असते,” ती म्हणाली. “पण मलाच माहीत नाही रे. हे छापलं, तर उद्या मीच त्यावर विश्वास ठेवीन.”

शेवटी तिने निष्कर्ष पाठवला: वेग सांगता येत नाही. संगणक बंद करून ती माझ्याशेजारी येऊन बसली.

“तुला काय वाटतं? फिरत असेल का जोरात?”

“फिरतं तर,” मी म्हणालो. “चांगलं गरगरतंय.”

तिने माझ्याकडे इतक्या आशेने पाहिलं, जसा काही मी तिथे जाऊन बघून आलो होतो. मग ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली.