झरीत न उतरलेला रंग

समजा, तुम्हाला कोकणातल्या एका सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, उभं केलंय. पायाखाली जांभा, समोर एका छोट्या विमानतळाची धावपट्टी आणि तिच्या कडेला पावसाने भरलेली उथळ तळी. या तळीत भराव घालून विमानं उभी करायची जागा वाढवायची आहे. खाली उतारावर एक वाडी आहे आणि वाडीला पाण्याची एकच झर. तुम्हाला विचारलंय: तळीतलं पाणी जांभ्यातून मुरत त्या झरीला जातं का? जात असेल, तर भराव घातल्यावर वाडीचं पाणी जाईल. दगडाच्या पोटात शिरून बघता येत नाही. कसं शोधाल?

किशोरी परबने त्यासाठी रंग आणला होता. निरुपद्रवी, हिरवा, पाण्यात थोडासा मिसळला तरी तिच्या हातातल्या दिव्याखाली चमकणारा. वर तळीत ओतायचा आणि खाली झरीवर वाट बघायची.

किशोरी कणकवलीजवळच्या गावातली. घरी भात आणि काजू. ती शाळेत असताना वरच्या सड्यावर चिरेखाण सुरू झाली आणि काही वर्षांत त्यांचा व्हाळ, म्हणजे गावचा ओढा, डिसेंबरातच आटायला लागला. खाणीमुळे की कमी पावसामुळे, यावर गावात अजून भांडणं होतात, कारण तेव्हा कुणी काही मोजलंच नव्हतं. पर्यावरणशास्त्र शिकून ती पुण्याला न थांबता कणकवलीतल्या एका लहान सल्लागार कंपनीत आली, त्याचं कारण ती विचारल्यावर एवढंच सांगते.

ऑक्टोबर संपत आला होता. तळी रोज आक्रसत होती. सोमवारी जनसुनावणी होती आणि त्याआधी अहवाल द्यायचा होता. वाडीने चाचणीला हरकत घेतली नाही, फक्त एक अट घातली. झरीवर राखणदार देव आहे, त्याला आधी गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे नारळ ठेवून विनवायचं. नारळ ठेवला, बाबलीने गाऱ्हाणं घातलं. बाबली म्हणजे ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा माणूस. मग किशोरीने वर जाऊन रंग ओतला.

पहिला दिवस गेला. दुसराही गेला. झरीच्या दगडी कुंडाच्या तोंडातून बाहेर धार पडते, तिथलं पाणी ती दर थोड्या वेळाने बाटलीत धरायची, डोक्यावर जाड कापड घेऊन आत दिवा लावायची. काही नाही. नुसतं निवळ पाणी.

"काय गो, फोटो धुतंस काय थंय?" कळशी भरायला आलेल्या विमलाकाकीने विचारलं.

"रंग बघतंय, काकी. येणा नाय."

"मगे बरा झाला मा? आमका खंय व्हयो तो रंग!"

किशोरी हसली नाही. रंग न येणं म्हणजे संबंध नाही, आणि संबंध नाही म्हणजे भरावाला वाट मोकळी. संध्याकाळी तिचे वरिष्ठ देवेश सर फोनवर म्हणाले, "झालं तर मग. 'संबंध आढळला नाही' असं लिही आणि पाठव."

तिने लिहायला घेतलं. विमलाकाकीने ओसरीवर कोरा चहा आणून दिला. पहिला घोट घेतला आणि ती थांबली. चहाला पोहण्याच्या तलावासारखा वास येत होता.

"काकी, पाण्यात काय घातल्यात?"

"माका काय विचारतंस? बाबल्याक विचार."

बाबली अंगणातच होता. "आता काय सांगू? गाऱ्हाण्याक झर साफ करूक व्हयी. आदल्या दिसा उपसली, घासली. तुमी पावणे, तुमी पाणी पितलास, म्हणान मडक्याक भोका पाडून पावडर भरली आणि कुंडात सोडली. एकाच्या जागी दोन मडकी. देवाचा काम, हात आखडून कसा चलात?"

ब्लीचिंग पावडर. कपड्यावरचा डाग जसा उडतो, तसा तिचा रंगही उडाला असणार. तो आला असेल तरी कुंडातच नाहीसा झाला असेल. आणि ती पाणी घेत होती कुंडाच्या पुढे.

तिने फोन लावून मडक्यांचं सांगितलं. "सर, निकाल नकारात्मक नाहीये. चाचणीच झालेली नाही."

"आणि कारण काय लिहू? मडकं?"

"हो सर. मडकं."

"किशोरी, सोमवारी समोर जिल्ह्याचे अधिकारी बसणार आहेत."

"तळीत अजून घोट्याएवढं पाणी आहे. उद्या परत रंग टाकते. नाही जमलं तर 'माहीत नाही' असं लिहू. 'नाही' असं मी लिहिणार नाही."

"शनिवारपर्यंत," देवेश सर म्हणाले आणि फोन ठेवला.

सकाळी मडकी निघाली. झर पुन्हा उपसली, वास जाईपर्यंत पाणी वाहू दिलं. बाबलीने पुन्हा नारळ ठेवला. "बा देवा म्हाराजा, ह्या चेडू परत रंग घेऊन इला आसा, तेका वाट दाखव. गेल्या टायमाक पावडर पडली ती माझी चूक, ती पदरात घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," जमलेले म्हणाले. किशोरीही म्हणाली.

वर तळीत रंग ओतून आल्यावर या वेळी ती कुंडाच्या आत, जिथे दगडाच्या फटीतून पाणी येतं, तिथे बसली. शुक्रवार कोरडा गेला. वर तळीचा चिखल झाला होता, म्हणजे तिसरी संधी नव्हती. शनिवारी दुपारी तिने कापड डोक्यावर घेतलं, दिवा लावला आणि तशीच बसून राहिली. मग हाक मारली.

विमलाकाकीने कापडाखाली डोकं घातलं. बाटलीत कोवळ्या भाताच्या रोपासारखा हिरवा उजेड होता.

"ह्या वयला, तळीतला पाणी?"

"वयलाच."

काकी बाहेर आली, पदराने तोंड पुसलं. तिला आनंद झालेला दिसला नाही. "म्हंजे ती तळी बुजयली तर आमका किती पाणी रवतला?"

सुनावणीत हाच प्रश्न अधिकाऱ्यांनी विचारला. रंग आला, म्हणजे वाट आहे. पण त्या वाटेने झरीचं सगळं पाणी येतं की चमचाभर, हे रंग सांगत नाही. उन्हाळाभर मोजणी होईपर्यंत भराव थांबवायचा, एवढं ठरलं. विमानतळाचं बाकीचं काम सुरू झालं.

आता दर रविवारी किशोरी मोटरसायकलवरून वाडीत येते. झरीच्या धारेखाली बादली धरते, भरायला किती वेळ लागतो ते बघते. तळी केव्हाच सुकली, झर अजून वाहते आहे. दगडाच्या पोटात अजून तळीचंच साठलेलं पाणी आहे, की हे आता दुसरीकडूनच येतंय?