दरीतलं तळं

ड्रायव्हरकाकांनी एकतीस वर्षं डोळ्यांत तेल घालून घाटात बस चालवली. निवृत्त झाले आणि दुसऱ्याच वर्षी अर्धांगवायूने त्यांची डावी बाजू लुळी पडली. तेव्हा त्यांच्या बायकोने अठ्ठावन्नाव्या वर्षी गाडी शिकायला घेतली. शाळेत शिवण शिकवायच्या त्या. "जन्मभर मशीनचं पायडल मारलंय, क्लच काय अवघड?" म्हणाल्या. पहिला लांबचा प्रवास त्यांनी त्याच घाटाचा ठरवला.

चौथ्या वळणावर काका एकदम म्हणाले, "अगं, खाली तळं आहे."

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

"लोक उभे राहून बघायचे. मी त्यांच्यावर खेकसायचो, खाली बसा म्हणून. माझी नजर कधी रस्त्यावरून हललीच नाही."

आता बाईंची नजरही रस्त्यावरून हलत नव्हती. "कसं आहे ते, सांगा ना मला."

काका सांगायला गेले, पण मध्येच म्हणाले, "कुठंतरी थांबव गाडी. तूही बघ."

पुढे जागा मिळाली. तिथून कड्यापर्यंतची पायवाट जेमतेम दोनशे पावलांची होती. बाईंच्या खांद्यावर हात टाकून, थांबत थांबत जायला काकांना अर्धा तास लागला. खाली पाणी काळंभोर, अगदी स्थिर होतं. दोघं दगडावर बसून राहिली.

"उगाच ओरडलो गं लोकांवर," काका म्हणाले.

"तुम्ही त्यांना घरी सुखरूप पोहोचवलंत," बाई म्हणाल्या, आणि काकांच्या बुटाची सुटलेली नाडी बांधायला खाली वाकल्या.