विनीत गेला त्या दिवशी

सकाळच्या बातम्यांत विनीत गेल्याचं सांगितलं, तशी यमुनाबाईंनी टीव्ही बंद केला आणि डोक्यावरून पाणी घेतलं. माणूस गेल्याचं कानावर आलं की अंघोळ करायची, हे त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. गॅसही पेटवला नाही.

विनीत रात्री उशिरा टीव्हीवर गप्पांचा कार्यक्रम करायचा. हर्णैला त्या वेळी कुणी जागं नसे. यमुनाबाईंना मात्र यजमान गेल्यापासून लवकर झोप येत नसे. विनीत हसण्याआधी चष्मा नीट करायचा, पाहुणा रडला तर पाण्याचा पेला पुढे सरकवायचा, पण गप्प राहायचा. "आता निजा बरं," असं तो शेवटी म्हणायचा आणि त्या खरोखरच निजायच्या.

त्यांनी ठाण्याला मुलाला फोन केला.

"संदेश, विनीत गेला रे."

"कुठला विनीत? आपल्यातला?"

त्यांनी सांगितलं. "हात्तिच्या!" संदेश म्हणाला. "घाबरवलंस की! अगं, जुने भाग मोबाईलवर मिळतात. आलो की लावून देतो."

त्या "बरं" म्हणाल्या. कुणीतरी शेजारी बसून दोन शब्द बोलावं, एवढंच त्यांना हवं होतं. पण ते मागायचं कसं?

दुपारी सुकटीची टोपली घेऊन शेजारची कमळा दारावरून चालली होती. दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत. ओले केस आणि थंड शेगडी पाहून ती टोपली खाली ठेवून आत आली.

"कोण गेलं गो, यमुने?"

"टीव्हीतला विनीत."

कमळाने कपाळावर हात मारला. "तुझा कोण लागत होता तो? म्हातारपणी खुळावलीस काय?"

यमुनाबाईंचे डोळे भरून आले. कमळा चपापली आणि भिंतीला टेकून बसली.

"रात्रीचा बोलायचा, तोच काय हा?" तिने हळूच विचारलं. "माझ्याकडे ऐकू यायचं. शब्द कळायचे नाहीत. पण शेजारच्या घरात पुरुषमाणूस बोलतोय, म्हणून मी निर्धास्त पडायची. इतकी वर्षं."

"कधी बोलली नाहीस गो!"

"काय बोलू? आवाज कमी केला असतास तू."

यमुनाबाईंना हसू आलं आणि हसताहसताच रडू फुटलं. कमळाने घरून पेज आणली, शेजारी बसून त्यांना प्यायला लावली. मग म्हणाली, "त्याच्या घरी कोण कोण आहे गो? बायको, मुलं?"

यमुनाबाई आठवू लागल्या. तो येईल त्याला आईबद्दल विचारायचा, गावाबद्दल विचारायचा, लहानपणच्या भावंडांबद्दल विचारायचा. स्वतःबद्दल तो काही बोलल्याचं त्यांना आठवेना.

"ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "त्याला कुणी विचारलंच नाही."