साहेबांच्या लॉनवरचे डाग

भालेराव साहेब रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, हातात पाण्याचा मग घेऊन कुत्रीच्या मागे मागे फिरायचे. ती लॉनवर बसून उठली की त्या जागी लगेच पाणी. "फॉलो-अप पाहिजे, सर, फॉलो-अप!" कुंपणापलीकडून ते मला सांगत. कागद कारखान्यातून निवृत्त झालेला हा माणूस कुत्रीच्या लघवीबद्दलही मीटिंगमध्ये बोलावं तसा बोलायचा.

बुऱ्हाणपुरात आमच्या कॉलनीत लॉन फक्त त्यांचं. बुधवारा पेठेतले माझे नातेवाईक ते पाहून हळहळायचे. एवढ्या जागेत दुकानं निघाली असती. साहेबांनी मात्र पाटी लावली होती : 'कृपया हिरवळीवर चालू नये.' ती न मानणारी एकटी चांदनी. साहेबांच्या पत्नी सुमनकाकूंनी हे पिल्लू चांदनी स्टेशनावरून पदराखाली आणलं होतं, म्हणून हे नाव. तिच्यामुळे गवतावर ताटाएवढे करपलेले डाग पडत.

"हे लॉन आहे, धर्मशाळा नाही!" साहेब ओरडत.

"गवतच तर आहे ना हो," काकू वेताच्या खुर्चीतून म्हणत. "उगेल वापस."

काकू वारल्या आणि चांदनीने त्यांच्या खुर्चीजवळची एकच जागा धरली. डाग तिथेच, पुन्हा पुन्हा. शेजारच्या केळीबागवाल्यांनी एकमताने निदान केलं : पिवळं पडलंय, युरिया द्या. पिवळ्या पानावर आमच्या गावाला दुसरं औषध ठाऊक नाही. साहेबांनी ओंजळभर टाकला. लघवीतल्या ज्या खाराने गवत जळत होतं, त्याचीच वरून भर. डाग चादरीएवढा झाला.

चांदनीला आता मार बसणार असं मला वाटलं. पण साहेब तिच्याशेजारी उकिडवे बसून म्हणाले, "हिची चूक नाही, सर. ही सुमनलाच शोधत येते." मग त्यांनी मेलेलं गवत खरवडलं, मातीत भरपूर पाणी जिरवलं, नवं गवत लावलं. तो पाण्याचा मग तेव्हापासूनच त्यांच्या हातात आला.

हिवाळ्यात चांदनी मेली. उन्हाळ्यापर्यंत लॉन एकसारखं हिरवं झालं. मी कौतुक केलं, तर साहेब म्हणाले, "इथं कोणी राहत होतं, असं वाटतं तरी का?"

त्यांनी फाटक उघडं ठेवायला सुरुवात केली. गल्लीतली कुत्री यायची, फाटकाशी हुंगायची आणि माघारी वळायची.

"बघा. आत कोणीतरी आहे, हे त्यांना कळतं."

"वास राहतो, साहेब. जाईल हळूहळू."

"तुमचं शास्त्र बरोबर असेल. पण येत नाहीत ना?"

येत नव्हती, हे खरं. माझा भुताखेतांवर विश्वास नाही. तरी चहाला गेलो की मी काकूंच्या खुर्चीजवळच्या त्या जागेला वळसा घालूनच बसायचो, आणि माझ्या पाठीमागे कोणी नाही ना, हे एकदा बघून घ्यायचो.

पावसाळा सरत आला होता. आम्ही पायरीवर बसलो असताना एक लंगडं गावठी कुत्रं सरळ आत शिरलं. काकूंच्या खुर्चीपाशी गेलं, तंगडी वर केली आणि रमतगमत निघून गेलं. हाकलायला मी उठलो होतो. साहेबांनी माझं मनगट धरलं.

ते त्या ओल्या गवताकडे पाहत होते.

"गेल्या, सर," ते म्हणाले. "दोघीही."

मग उठून त्यांनी फाटक लावून घेतलं.