देवपुजारींची हजेरी

विश्वासराव देवपुजारींनी बरखेड्याच्या कारखान्यात चौतीस वर्षं काढली, पण गेटवर एक दिवस उशीर नाही. निवृत्तीनंतरही गडी सातला बूट घालून तयार. जायचं कुठे? तर कोपऱ्यावरच्या पोहे-जिलबीच्या ठेल्यावर!

तिथे रिटायर मंडळींचा शेअरबाजार भरायचा. यंदा विषय एकच. एक सॉफ्टवेअर कंपनी आपला क्लाउडचा धंदा वेगळा काढणार होती. जुन्या शेअरमागे नव्या कंपनीचा एक फुकट. नवा कितीला उघडेल? कुणी म्हणे आठशे, कुणी बाराशे. ज्यांना ओटीपी भरायला सून लागते, तेही क्लाउडवर तावातावानं बोलत.

"अठरा तारखेला कंपनीच्या भागधारकांच्या यादीत नाव असेल त्यालाच मिळेल," गजाननभाऊंनी बजावलं. "देवपुजारी, घेऊन टाका यार!"

विश्वासरावांजवळ दोन लाख होते. ते पत्नीच्या, सुचेतावहिनींच्या, एका गुडघ्याचे. साकेत नगरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. वहिनी जिना उतरायच्या त्या कठडा धरून, उलट्या तोंडानं. पैसे दुप्पट झाले तर दुसरा गुडघाही सोबतच उरकेल, असा यांचा हिशेब.

पण अठरा म्हणजे अठरा! कारखान्यात त्या दिवशी गेटवर कार्ड पंच केलं की हजेरी लागते, आदल्या दिवशी कोण जाऊन उभं राहतं? अठराच्या सकाळी बघतात तर भाव निम्मा. देवच पावला म्हणायचा! कुणाला न विचारता त्यांनी दोन्ही लाख लावले.

भाव पडला होता तो क्लाउडचा धंदा त्याच सकाळी भावातून वजा झाला म्हणून. आणि त्या दिवशी घेतलेले शेअर खात्यात पडले एकोणीसला. यादी अठरालाच बंद. सगळ्यांच्या खात्यात नवे शेअर आले, यांच्या नाही, तेव्हा त्यांनी ब्रोकरकडे फोन लावला. तिथली पोरगी म्हणाली, "अंकल, एक दिन पहले लेना था ना!"

उरलेली जुनी कंपनी मग घसरतच गेली. दोन लाखांचे सव्वा झाले. ठेल्यावर मात्र त्यांनी 'घेतले, दोन्ही गुडघ्यांसाठी' एवढंच सांगितलं होतं.

नवा शेअर अकराशेला उघडला. गजाननभाऊंनी पाठीत धपाटा घातला. "देवपुजारी, आज पोहे तुमच्याकडून! वहिनींचे दोन्ही गुडघे पक्के!"

विश्वासराव हसले. सात प्लेटींचे पैसे दिले. वर गजाननभाऊंनी पाव किलो जिलबी घरच्यासाठी बांधायला लावली, तीही घेतली.

घरी वहिनींनी दवाखान्याची पिशवी भरून ठेवलेली. दोन नवे गाऊन, थर्मास. गजाननभाऊंच्या विजयाताईंचा फोन आधीच येऊन गेला होता.

"अहो, दोन्ही एकदम करायचे ना?"

"डॉक्टर बाहेरगावी गेलेत. उन्हाळ्यानंतर बघू."

वहिनींनी पुड्याकडे पाहिलं. "मग जिलबी कशाची?"

विश्वासराव बुटांच्या नाड्या सोडायला खाली वाकले आणि सुटलेली नाडी पुन्हा बांधू लागले.