कंपनीच्या तांदळाची परतफेड

एल्सन रोगामाना माझा शेजारी. त्याच्याविषयी कुणी जाणत्यानं लिहायला हवं होतं. तसं कुणी लिहिलं नाही, म्हणून जमेल तसं मी लिहितो.

एल्सन मिशनच्या बोटीवर इंजिन सांभाळायचा. बोलणं कमी. लोकांनी त्याला प्रांताच्या सभेवर निवडून दिलं, ते बहुधा त्यामुळेच. मग राजधानी होनियाराहून लाकूडतोडीची कंपनी आली. सभेतले सदस्य एकेक करून तिच्या पाहुणचाराला जाऊन आले. कुणाच्या होडीला नवं इंजिन लागलं, कुणाचा मुलगा परदेशी शिकायला गेला. एल्सन गेला नाही. परवान्याला सगळ्या सदस्यांचं मत लागायचं, म्हणून नदीच्या वरच्या अंगाच्या जंगलाचा परवाना त्याच्या एका मतावर अडून राहिला.

त्यातच त्याची आई वारली. त्याच संध्याकाळी कंपनीचा पडाव धक्क्याला लागला. तांदळाची पोती, डब्यातले मासे आणि एक चकचकीत शवपेटी. मयताला आलेली वस्तू आमच्यात परत पाठवत नाहीत, तो मेलेल्याचा अपमान होतो. आणि ठेवून घेतली, तर देणाऱ्यानं किंवा त्याच्या माणसांनी तेवढंच परत घेईपर्यंत त्याच्याविरुद्ध तोंड उघडता येत नाही. कंपनीचा मॅनेजर आमच्यात बरीच वर्षं राहिलेला. त्याला हे पक्कं ठाऊक होतं.

एल्सनची मोठी बहीण हिल्डा म्हणाली, "घे मुकाट्यानं. आईला काय पानांत गुंडाळून पुरणार आहेस?"

"घेतो, ताई. पण सभेच्या आधी फेडायचं."

"कशानं? तुझ्या पगारात तुझ्या तंबाखूचा खर्च निघत नाही."

आईला त्या पेटीत पुरलं. सगळ्या गावानं तो भात खाल्ला. मग एल्सन घरोघर फिरला. ज्यानं खाल्लं त्यानं आपल्या मळ्यातला तारो, आमचा अळूसारखा कंद, द्यावा, एवढंच मागत होता. काहींनी दिला, काहींनी दार लावून घेतलं. डुकरं फक्त हिल्डाकडे होती, मुलाच्या लग्नासाठी पाळलेली. ती मागितल्यावर हिल्डा काही दिवस त्याच्याशी बोलली नाही. मग एका सकाळी स्वतःच दोऱ्या सोडून त्याच्या हातात दिल्या. "लग्न मोडलं तर नवरीच्या बापाला तोंड तू दाखवायचंस."

आम्ही सगळं होड्यांत भरून कंपनीच्या तळावर नेलं. मॅनेजर खोलीबाहेर आलाच नाही. आपण मित्र आहोत, कसली परतफेड, असा निरोप त्यानं पाठवला. कुणीच घेतलं नाही तर फिटणार नव्हतं. एल्सन उन्हात बसून राहिला. दुपारी नदीच्या खालच्या अंगाची झाडं तोडणारी कंपनीची पोरं जेवायला आली, आमच्याच बेटांवरची, रोजच्या डब्यातल्या माशांना कंटाळलेली. एल्सननं त्यांना डुकरं दाखवली. मॅनेजर खिडकीतून ओरडत होता, पण तोवर जाळ पेटला होता.

सगळ्यांचं खाऊन होईपर्यंत एल्सन थांबला. उठताना खिडकीकडे बघून म्हणाला, "आमच्या लोकांनी तुमचं खाल्लं, तुमच्या लोकांनी आमचं. झालं."

सभेत त्यानं विरोधात मत दिलं. परवाना पडला. पुढच्या निवडणुकीत एल्सनही पडला. यानं आमचे मळे रिकामे केले, असं लोक म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. हिल्डाच्या मुलाचं लग्न फार लांबलं.

नवा सदस्य निवडून आल्या आल्या कंपनीच्या पडावात बसला. त्या दिवशी धक्क्यावर एल्सन मिशनच्या बोटीचं इंजिन पुसत होता. मॅनेजरनं हसून त्याच्यापुढे सिगारेट धरली.

"नको," एल्सन म्हणाला. "तुमचं माझं मिटलंय."