मामाने घेतलेलं पोवळं

संक्रांतीला सगळं जयपूर पतंग घेऊन गच्चीवर चढायचं, तेव्हा माझा मामा समुद्राखाली असायचा. विमा कंपनीतला हा ब्रह्मचारी अधिकारी बदली होऊन इथे आला आणि दुर्गापुऱ्यात आमच्याच वरच्या खोलीत राहू लागला. वर्षभर रजा साठवायची आणि थंडीत, तिकडचं पाणी नितळ असतं तेव्हा, अंदमानला बुडी मारायला जायचं, हा त्याचा नेम. पोहायला शिकला होता मिरजेला, कृष्णेत.

परत आला की ताटावर बसून तिकडच्या गोष्टी सुरू. किनाऱ्यावरची पांढरी वाळू म्हणजे बरीचशी पोपटमाशाची शी, हे त्याने श्रीखंड वाढत असताना सांगितलं आणि आईची बोलणी खाल्ली. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, झाडही नव्हे, ती बारक्या जिवांची चाळ आहे, असं तो मला समजवायचा. खाली कशालाही हात लावायचा नाही, हा त्याचा पहिला नियम. शेजारच्या काकूंनी एकदा शोकेससाठी एखादा तुकडा मागितला. मामा म्हणाला, "काकू, कुणाच्या घराची भिंत काढून तुम्हाला कशी आणून देऊ?" काकू पुढे कितीतरी दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. मला मात्र त्याने कबूल केलं होतं, मोठी झालीस की तुला नेईन.

मोठी झाले, जयपुरातच झालान्यात नोकरी लागली आणि पाठोपाठ लग्न ठरलं. पत्रिकेत मंगळ निघाला. सासरहून निरोप आला, आमची हरकत नाही, फक्त मुलीच्या बोटात अस्सल पोवळं हवं. बोहल्यावर मुलीला मामा आणतो, तेव्हा अंगठीही मामानेच द्यावी, असं आईने परस्पर ठरवून टाकलं.

"पोवळं म्हणजे प्रवाळच ना गं, ताई," एवढंच तो म्हणाला. मी तर सरळ सांगितलं की मला ही अंगठी नको, लग्न मोडलं तर मोडू दे. मामाने माझ्याकडे बघितलं. "तुला तो मुलगा आवडतो ना? मग गप्प बैस."

जोहरी बाजारात मी त्याच्याबरोबर होते. दुकानदाराने कागदाची पुडी उलगडून लाल खडे पुढे केले. "साहब, इटालियन मूंगा है, एकदम असली." मामाने हळूच विचारलं, यातलं नकली काही मिळेल का. पण सासरे खडा तपासून घेणार होते. शेवटी त्याने त्यातला सगळ्यात लहान खडा निवडला आणि चोरी पकडली गेल्यासारखा मान खाली घालून दुकानाबाहेर पडला. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

त्या थंडीत मामा गेला नाही. रजा मिळाली नाही म्हणाला. पुढच्या थंडीत त्याचा कान दुखत होता. त्याच्यापुढच्या वर्षी मीच तिकिटं काढली आणि त्याला अक्षरशः ओढत अंदमानला नेलं.

बोटीत बुडी शिकवणाऱ्याने अंगावरचे दागिने काढायला सांगितले, चमकणाऱ्या वस्तूवर मासे झेप घेतात म्हणून. मी अंगठी काढली आणि पटकन मुठीत लपवली. मामाच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"लपवतेस कशाला?" तो म्हणाला. "घेतली मी. लाज मला वाटू दे." त्याने ती माझ्याकडून मागून घेतली आणि खिशात ठेवली. तूही चल ना, म्हणून मी खूप विनवलं. "कुठल्या तोंडाने उतरू?" असं म्हणून त्याने माझा मास्क तेवढा नीट बसवून दिला.

मी एकटीच खाली जाऊन आले. बोटीत चढले तेव्हा मामा तसाच बसलेला होता. त्याने पाण्याकडे बघितलं नाही. लेकीला सासरी दिलेला माणूस तिकडून आलेल्याला विचारतो तसं त्याने मला विचारलं, "बरे आहेत ना गं खालचे सगळे?"